गरोदरपणात सांधे शांत होतात, पण तयारी बाळंतपणानंतरची ठेवा

प्रश्न (थोडक्यात): वय ३१. चार वर्षांपासून संधिवात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) आहे, आरए फॅक्टर (या आजाराची रक्तातली एक खूण) पॉझिटिव्ह. अर्धशिशी त्याच्याही आधीची. मूल हवं होतं म्हणून डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट काही महिने आधीच बंद केलं; सध्या हायड्रॉक्सीक्लोरोक्विन आणि सल्फासालाझिन चालू आहे. आता सतरावा आठवडा. पहिले तीन महिने डोकं फार दुखलं, पण आता डोकंही शांत आहे आणि बोटांची सूजही ओसरली आहे. सासूबाई म्हणतात, आता गोळ्या कशाला, बाळाला त्रास होईल. कंबरेच्या खाली मात्र एक नवंच दुखणं सुरू झालंय. गोळ्या बंद करू का? आणि जुनं दुखणं कायमचं गेलं का?

उत्तर: आधी दोन्ही प्रश्नांची सरळ उत्तरं देते. गोळ्या बंद करू नका. आणि दुखणं गेलेलं नाही, थांबलेलं आहे. संधिवाताच्या ओपीडीत इतकी वर्षं बसून माझं ठाम मत झालंय की तुमच्यासारख्या बाईने नऊ महिन्यांची जेवढी काळजी करावी, त्याहून जास्त तयारी बाळंतपणानंतरच्या तीन-चार महिन्यांची करावी. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. पोट दिसायला लागलं की घरदार भोवती असतं, आणि बाळ हातात आलं की सगळ्यांचं लक्ष बाळाकडे.

आता सांधे का शांत झाले ते बघू. पहिल्या आठ-दहा आठवड्यांनंतर हॉर्मोन तयार करण्याचं मुख्य काम वार (प्लॅसेंटा) हातात घेते. प्रसूतीच्या वेळेपर्यंत इस्ट्रोजेन एरवीच्या पातळीच्या शंभरपटीच्या घरात जातं, प्रोजेस्टेरॉन दहापटीहून वर जातं आणि कॉर्टिसोल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, दुप्पट-तिप्पट होतं. निम्मी गुणसूत्रं बाळाच्या वडिलांकडून आलेली असतात, म्हणजे आईच्या शरीराच्या दृष्टीने बाळ अर्धं परकं. ते टिकावं म्हणून आईची प्रतिकारशक्ती थोडी वेगळी वागू लागते: सूज आणणाऱ्या पेशींचा जोर कमी होतो, त्यांना आवर घालणाऱ्या पेशी वाढतात. सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करणाऱ्या पेशी याच पहिल्या गटातल्या, त्यामुळे त्याही जरा नमतात. यातली एक गंमत म्हणजे, बाळाचे वडिलांकडून आलेले ऊतीगट (पेशींवरच्या ओळखखुणा) आईच्या गटांपासून जितके वेगळे, तितकी सांधे सुधारण्याची शक्यता जास्त, असं १९९३ च्या एका अभ्यासात दिसलं होतं. घरात सुनेच्या सांध्यांचं श्रेय कुणाला द्यायचं यावर वाद झालाच तर हा मुद्दा बाळाच्या वडिलांच्या बाजूने आहे!

वैद्यकाने हे फार आधी टिपलं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधले डॉक्टर फिलिप हेंच यांनी कावीळ झालेल्या आणि गरोदर असलेल्या संधिवाताच्या रुग्णांना अचानक आराम पडतो हे पाहिलं. गरोदरपणाविषयीची निरीक्षणं त्यांनी १९३८ मध्ये मांडली. शरीरातच असा काही पदार्थ तयार होत असणार, या तर्काचा पाठलाग करत ते आणि रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड केंडल कॉर्टिझोनपर्यंत पोहोचले. १९४८ मध्ये ते पहिल्यांदा संधिवाताच्या एका रुग्ण बाईला दिलं गेलं आणि १९५० मध्ये नोबेल मिळालं. म्हणजे आज आम्ही लिहून देतो त्या स्टेरॉइडच्या गोळीचा एक धागा गरोदर बायकांच्या सांध्यांपर्यंत जातो. पुढे कळलं की गरोदरपणातला आराम एकट्या कॉर्टिसोलचा नसतो. पण सुरुवात तिथून झाली.

हा आराम सगळ्यांना मिळतो का? जुनी पुस्तकं चारपैकी तिघींना म्हणायची. नेदरलँड्समध्ये गरोदर बायकांना टप्प्याटप्प्याने तपासून केलेल्या, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. शिवाय ज्यांच्या रक्तात आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी (तशीच दुसरी खूण) नसतं त्यांना आराम पडण्याची शक्यता जास्त. तुमचा फॅक्टर पॉझिटिव्ह असूनही बोटं उतरली आहेत, ही चांगलीच गोष्ट. पण त्यात चालू असलेल्या दोन गोळ्यांचाही वाटा आहे, हे सासूबाईंना शांतपणे सांगा. दोन्ही औषधं गरोदरपणात अनेक वर्षं वापरात आहेत आणि सुरक्षित मानली जातात. सल्फासालाझिनमुळे फॉलिक ॲसिड नीट शोषलं जात नाही, म्हणून त्यासोबत फॉलिक ॲसिड जास्त मात्रेत, आपल्याकडे सहसा ५ मिलिग्रॅमची गोळी, चालू ठेवतात. तुमच्या चिठ्ठीवर कोणती आहे ते बघून घ्या.

आणि एक. रिपोर्टमध्ये ईएसआर (अंगातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) ५०-६० दिसला की बायका घाबरून फोन करतात. गरोदरपणात ईएसआर वाढतोच, त्यावरून संधिवात मोजता येत नाही. सीआरपी ही तशीच दुसरी तपासणी त्या मानाने भरवशाची, आणि त्याहून भरवशाची म्हणजे सकाळची मूठ. उठल्यावर मूठ वळायला किती वेळ लागतो, तेवढं लिहून ठेवा. शेवटच्या तिमाहीत अंगठी घट्ट होते, हिरव्या बांगड्या चढत नाहीत, रात्री हाताला मुंग्या येतात. ते बहुतेक वेळा अंगात साठलेल्या पाण्यामुळे आणि मनगटातली नस दाबली गेल्यामुळे असतं. पण हातांसोबत चेहऱ्यावर सूज आली तर त्याच दिवशी बीपी मोजून घ्या.

आता डोकं. अर्धशिशीला इस्ट्रोजेनची पातळी किती आहे यापेक्षा ती कशी हलते याचं जास्त वावडं आहे. पाळीच्या आधी इस्ट्रोजेन झपकन उतरतं आणि डोकं उठतं, हे तुम्ही अनुभवलंच असेल. पहिल्या तीन महिन्यांत पातळी वरखाली होत चढते, त्यात उलट्या, उपाशी पोट, तुटलेली झोप, त्यामुळे डोकं जास्त दुखतं. पुढे पातळी उंचावर स्थिर झाली की डोकं शांत. डोळ्यांसमोर चमचमाट किंवा नागमोडी रेषा न दिसणारी, साधी अर्धशिशी असलेल्या निम्म्याहून जास्त बायकांना दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीत स्पष्ट आराम पडतो. ज्यांना आधी चमचमाट दिसतो त्यांना तितका पडत नाही. काहींना तो गरोदरपणातच पहिल्यांदा दिसतो.

अर्धशिशीसाठी मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय आणलेली पाकिटं घरात असतील तर ती आजच बाजूला काढा. आपल्याकडच्या बऱ्याच प्रचलित गोळ्यांत अर्गोटामाइन असतं. ते रक्तवाहिन्या आणि गर्भाशय आकुंचित करतं, गरोदरपणात चालत नाही. अर्धशिशी येऊ नये म्हणून दिली जाणारी व्हॅल्प्रोएट आणि टोपिरामेटही नको. पॅरासिटामॉल चालतं, लागेल तेवढंच आणि लागेल तेव्हाच. त्याने भागलं नाही तर सुमाट्रिप्टानबद्दल डॉक्टरांशी बोला. त्याचा गरोदरपणातला अनुभव दिलासा देणारा आहे.

एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की ठेवा. विसाव्या आठवड्यानंतर डोकं नेहमीपेक्षा वेगळं दुखायला लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, पोटात उजवीकडे बरगडीखाली कळ आली, तर ‘माझी जुनी अर्धशिशीच’ म्हणून अंधाऱ्या खोलीत पडून राहायचं नाही. बीपी वाढल्याची ती खूण असू शकते. अर्धशिशी असलेल्या बायकांना हा धोका थोडा जास्तच असतो. म्हणून रोज कमी मात्रेची ॲस्पिरिन, आपल्याकडे ७५ किंवा १५० मिलिग्रॅम, तुम्हाला द्यायची का हे स्त्रीरोगतज्ज्ञांना याच आठवड्यात विचारा. ती सहसा बाराव्या ते सोळाव्या आठवड्यात सुरू करतात. सुरू केली तर ‘पेनकिलर नको’ म्हणून स्वतःहून थांबवू नका. ती वेदनेसाठी नसते.

बाकीच्या पेनकिलरचा मात्र इथे स्वतंत्र इशारा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक ही औषधं विसाव्या आठवड्यानंतर टाळायची. बाळाच्या मूत्रपिंडांवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०२० मध्ये याबद्दल जाहीर सूचना दिली. तिसाव्या आठवड्याच्या पुढे तर बाळाच्या हृदयाजवळची, जन्मानंतर बंद व्हायची एक वाहिनी पोटातच आकसू शकते. सांधे फारच सुजले तर प्रेडनिसोलोन कमी मात्रेत देता येतं. वारेतलं एक विकर (एन्झाइम) त्याचा बहुतांश भाग निष्प्रभ करतं, बाळापर्यंत थोडंच पोहोचतं. मात्र त्याने आईची साखर वाढते, आणि आपल्या बायकांना गरोदरपणातल्या मधुमेहाचा धोका आधीच जास्त. ज्या पुडीवर आत काय आहे ते लिहिलेलं नाही, अशी संधिवाताची कोणतीही पुडी कुणीही आणून दिली तरी घेऊ नका. असल्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं.

कंबरेखालच्या नव्या दुखण्याकडे वळते. कुशीवर वळताना, जिना चढताना, एका पायावर उभं राहून सलवार घालताना कळ येते का? कंबरेच्या खळग्यांपाशी किंवा पुढे जांघेच्या मधोमध? मग हे ओटीपोटाच्या हाडांच्या सांध्यांचं दुखणं आहे. पाचातल्या एका गरोदर बाईला ते होतं. सगळीकडे याचा दोष रिलॅक्सिन नावाच्या हॉर्मोनवर टाकतात: ते सांधे सैल करतं म्हणून दुखतं. मला हे स्पष्टीकरण अपुरं वाटतं. रिलॅक्सिन पहिल्या तिमाहीत सर्वांत जास्त असतं आणि पुढे उतरतं. हे दुखणं मात्र बहुतेकींना नंतर वाढतं. ज्यांचं रिलॅक्सिन जास्त त्यांनाच जास्त दुखतं, असंही अभ्यासांत नीटसं दिसलेलं नाही. वाढलेलं वजन, पुढे सरकलेला तोल, पोटाचे ताणलेले स्नायू आणि आधीचं कंबरेचं दुखणं यांचा वाटा मोठा आहे. हे सांगायचं कारण असं की हॉर्मोन बदलता येत नाहीत, पण स्नायूंचं काहीतरी करता येतं. गरोदर बायकांसोबत काम केलेल्या फिजिओथेरपिस्टकडे जा. झोपताना गुडघ्यांमध्ये उशी, वळताना दोन्ही गुडघे जोडून वळणं, बसून कपडे घालणं, कमरेचा पट्टा चालताना तेवढा. जांघेच्या मधोमध दुखत असेल तर उकिडवं बसून करायची कामं दुसऱ्याला द्या. ‘उकिडवं बसलं की डिलिव्हरी सोपी होते’ हा सल्ला तुम्हाला मिळणारच आहे. दुखत असताना तो तुमच्यासाठी नाही.

याउलट पहाटे दुखण्याने जाग येत असेल आणि उठून चालल्यावर बरं वाटत असेल तर मला कळवा, ते वेगळं. मणक्यांच्या संधिवाताला, ज्याला अँकिलोसिंग स्पॉन्डिलायटिस म्हणतात, गरोदरपणात तुमच्यासारखा आराम बहुधा पडत नाही. कधी तो तसाच राहतो, कधी वाढतो. ल्युपसचं गणितही निराळं. तो स्वतःच्याच शरीरावर उलटलेल्या अँटिबॉडींच्या जोरावर चालणारा आजार, तो गरोदरपणात भडकू शकतो. म्हणून किमान सहा महिने शांत राहिल्याशिवाय आम्ही मूल होऊ द्यायला सुचवत नाही. फायब्रोमायल्जिया (अंगभर दुखत राहण्याचा आजार) असलेल्या बऱ्याच जणी शेवटचे तीन महिने सर्वांत वाईट गेले असं सांगतात. तेव्हा मैत्रिणीचा अनुभव तिच्या आजाराचा आहे हे धरून चाला. सगळ्यालाच ‘संधिवात’ किंवा ‘वात’ म्हणायची आपली सवय, त्यातून हे घोळ होतात.

इथेच एक गोष्ट सांगून टाकते, तुम्ही विचारलेली नसली तरी. एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार, असलेल्या मुलींना पाळीत असह्य दुखतं तेव्हा घरचेच नव्हे, डॉक्टरसुद्धा सांगतात, ‘लग्न करून टाका, एक मूल झालं की सगळं जाईल.’ गरोदरपणात पाळी थांबते, प्रोजेस्टेरॉन जास्त असतं, त्यामुळे बऱ्याच जणींना त्या काळात बरं वाटतं हे खरं. पण आजार तिथेच असतो आणि पाळी परत आली की दुखणंही येऊ शकतं. बावीस वर्षांच्या मुलीला उपचार म्हणून बाळंतपण लिहून देणं मला कधीच पटलेलं नाही.

वेदना जाणवण्याची पातळीही गरोदरपणात थोडी बदलते. १९८० मध्ये उंदरांवर झालेल्या एका प्रयोगात दिसलं की दिवस भरत येतील तशी त्यांची वेदना सोसण्याची ताकद वाढते, आणि शरीरातल्या अफूसदृश द्रव्यांना अडवणारं औषध दिलं की ती वाढ नाहीशी होते. प्रोजेस्टेरॉनपासून बनणारा एक घटकही मेंदूला शांत करतो. माणसांत हा परिणाम सौम्य असतो, त्याच्या भरवशावर राहू नका.

आता खरा मुद्दा. वार पडली की हे सगळं छत्र एकदम काढून घेतलं जातं. काही दिवसांत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन गरोदरपणाआधीच्या पातळीला येतात. डोकं बहुधा आधी उठतं, पहिल्याच आठवड्यात किंवा महिनाभरात. सांधे थोडे थांबतात आणि मग, सहसा पहिल्या तीन-चार महिन्यांत, उठतात. नेदरलँड्सच्या त्याच अभ्यासात दहापैकी चौघींचा संधिवात बाळंतपणानंतर भडकला होता.

आपल्या रीतीत हे नेमकं कसं बसतं बघा. सातव्या महिन्यात तुम्ही माहेरी जाणार. तिथले स्त्रीरोगतज्ज्ञ नवे, त्यांना तुमच्या सांध्यांचं काही माहीत नाही. तुमची फाइल सासरच्या कपाटात. सव्वा महिना आई-मावश्या हातावर झेलतात, बाळाला उचलायला चार हात असतात, तेव्हा सांधे गप्प असतात. मग तुम्ही सासरी परतता, स्वयंपाक, धुणं, रात्रीची जागरणं तुमच्यावर येतात, आणि नेमकी तेव्हाच बोटं सुजायला लागतात. ‘माहेरी तर ठणठणीत होती’ हे वाक्य मी इतक्या सासवांच्या तोंडून ऐकलंय की ते आता तपासणीच्या नोंदीसारखंच वाटतं. सासूबाईंना हे आधीच सांगून ठेवा. नाटक म्हणून कुणी बघणार नाही.

तर आत्ताच करायचं ते असं. फाइलचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि चालू औषधांची यादी माहेरच्या डॉक्टरांना द्या. बाळंतपणानंतर सहाव्या आठवड्याच्या आसपासची संधिवाततज्ज्ञांची वेळ आजच घेऊन ठेवा. बाळाची लस तेव्हाच असते, लक्षात राहतं. त्या आधी सकाळचा ताठरपणा अर्धा-पाऊण तास टिकायला लागला तर थांबू नका, फोन करा. फक्त एका अंगठ्याच्या मुळाशी, बाळाला उचलताना कळ येत असेल तर तो बहुधा स्नायूबंधांचा त्रास असतो, संधिवात उठलेला नसतो. मनगटाच्या पट्ट्याने आणि बाळाला उचलण्याची पद्धत बदलून सुधारतो. पाठीत भूल दिल्यानंतरच्या काही दिवसांत बसल्यावर वाढणारी आणि आडवं झाल्यावर थांबणारी डोकेदुखी त्या सुईमुळे असू शकते, तिच्यावर उपचार आहेत. वर्षानुवर्षांच्या कंबरदुखीचं खापर मात्र त्या सुईवर फोडू नये.

बाळंतिणीच्या जुन्या रीतींपैकी मालिश, डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेपा यांना माझी हरकत नाही. सुजलेला, गरम सांधा मात्र दाबून चोळू द्यायचा नाही. बंद खोलीत कोळशाची शेगडी नको, त्या धुराने डोकं तर दुखतंच, जीवही धोक्यात येतो. आणि काही घरांत बाळंतिणीला पाणी कमी देतात, ते अजिबात ऐकू नका. बाळंतपणानंतर रक्त गुठळ्या व्हायच्या बाजूला झुकलेलं असतं, त्यात अंगातलं पाणी कमी झालं तर मेंदूच्या शिरेत गुठळी होऊ शकते. आपल्या देशात हे डॉक्टरांना नवीन नाही. सतत वाढत जाणारी डोकेदुखी, उलट्या, झटका किंवा हातापायातली ताकद जाणं यांपैकी काहीही दिसलं तर रात्र असली तरी हॉस्पिटल गाठा.

अंगावर पाजताना तुमच्या दोन्ही चालू गोळ्या घेता येतात. बाळ वेळेआधी जन्मलं किंवा त्याला कावीळ असेल तर सल्फासालाझिनबद्दल बालरोगतज्ज्ञांना विचारा. बाळंतपणानंतर, पाजत असताना आयबुप्रोफेनही परत चालतं, प्रेडनिसोलोनही. कोडीन आणि ट्रामाडॉल नको, दुधातून जाऊन बाळाचा श्वास मंदावू शकतो. हे वाचणाऱ्या आणखी कुणी गरोदरपणाच्या उत्तरार्धात संधिवाताची बायोलॉजिक (प्रतिकारशक्तीला आवर घालणारी) इंजेक्शनं घेत असतील तर बाळाच्या डॉक्टरांना जन्माआधीच कळवा. आपल्याकडे बीसीजी जन्मतःच देतात, ती जिवंत लस आहे, आणि अशा बाळाला ती कधी द्यायची हे ठरवावं लागतं.

सांधे फारच उठले आणि मेथोट्रेक्सेट परत सुरू करायची वेळ आली तर अंगावर पाजणं थांबवावं लागतं. पाजायचं की हे औषध घ्यायचं, याचा निर्णय तुमचा आहे. बाकीचे पर्याय आधी वापरून बघता येतात. पण मेथोट्रेक्सेट सुरू करण्याआधी गर्भनिरोधनाची सोय हवी. पाळी आली नाही म्हणजे दिवस जाणार नाहीत असं नसतं. अर्धशिशीत तुम्हाला चमचमाट दिसत असेल तर इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या टाळतात, कॉपर-टी चालते. ती डिलिव्हरीनंतर लगेचच बसवता येते, त्यामुळे ही चर्चा आठव्या महिन्यातच स्त्रीरोगतज्ज्ञांशी करून घ्या.